अल्गोंक्विन पार्क: आई-बाबांना घेऊन कुठला ट्रेल करावा?

मिसिसागाची_मृणाल
नमस्कार मंडळी,
सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या अल्गोंक्विन पार्कला जायचं घाटतंय. पुण्याहून आई-बाबा आलेत (६६ आणि ७१), शिवाय आमचे नववीतले चिरंजीव, जे जेवणापुरती मान फोनमधून वर काढतात. मुक्काम पार्कजवळच्या हंट्सव्हिलला दोन रात्री, बाकी सगळं चालून बघायचं.
बाबा आतापर्यंत दर रविवारी सिंहगडावर जायचे. आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती ते कबूल करत नाही. पार्कचा नकाशा उघडला तर हायवे ६० च्या दोन्ही बाजूंना इतके ट्रेल (चालायच्या आखलेल्या वाटा) आहेत की डोकं गरगरलं. दीड किलोमीटरपासून अकरा किलोमीटरपर्यंत. निवडायचं कसं? किलोमीटर बघून की 'सोपा-मध्यम-अवघड' बघून?
वेबसाइटवरची यादी इथे चिकटवू नका प्लीज, ती पाठ झालीये. स्वतः चालून आलेल्यांनी सांगा.

मेपलपान
आधी भूगोल समजून घ्या, म्हणजे अर्धे प्रश्न सुटतील. पार्क साडेसात हजार चौ.किमी.हून मोठं आहे, दोन गोवे आत बसतील. पण गाडीने येणाऱ्यांसाठी मुख्यतः एकच रस्ता, हायवे ६०. तो पार्कच्या दक्षिणेकडून ५६ किमी जातो. वेस्ट गेट म्हणजे शून्य, तिथून किलोमीटरच्या पाट्या सुरू. इथे सगळे पत्ते या किलोमीटरवरच सांगतात: मिझी लेक १५, पेक लेक १९, ट्रॅक अँड टॉवर २५, लुकआउट ३९-४०, स्प्रूस बॉग ४२, व्हिजिटर सेंटर ४३, लॉगिंग म्युझियम ५४. हंट्सव्हिलहून येणार म्हणजे वेस्ट गेटनेच शिराल.
आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडीचा दिवसाचा परवाना ऑनलाइन काढा. पाच दिवस आधी बुकिंग उघडतं. पानांचे रंग बदलायच्या दिवसांत शनिवार-रविवारचे परवाने संपतात. न थांबता नुसतं आरपार जायचं असेल तर परवाना लागत नाही, पण मग चालणार कुठे?

सह्यवेडा
मेपलपान यांची माहिती उत्तम. पण 'ट्रेक' या शब्दाच्या अपेक्षेने जाणाऱ्यांना आधीच सांगतो, तिथे चढ असा नाही. सेंटेनियल रिजेस हा त्यातला त्यात दमवणारा, दहा-साडेदहा किमी, चार-पाच टेकाडं. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेल्या माणसाला तिथे घाम येईल, पण छाती भरून येणार नाही. सिंहगडवाल्या बाबांना तर हातचा मळ.

तिरकस
सह्यवेडा आले. आता धागा शंभरी गाठणार. कुठल्याही देशातल्या डोंगराबद्दल विचारा, उत्तर नळीच्या वाटेने येतं.

सह्यवेडा
@तिरकस, तुम्ही कुठल्या वाटेने आलात हरिश्चंद्रगडावर? बसने ना पाचनईपर्यंत?

तिरकस
मी खाली हॉटेलात पिठलं-भाकरी खात तुमची वाट बघत होतो.

दगडधोंडे
सह्याद्रीशी तुलना चढाची करू नका, दगडाची करा. आपला दख्खनचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. अल्गोंक्विनखालचा खडक शंभर कोटींहून जुना. तिथे एकेकाळी प्रचंड पर्वत होते, ते झिजून आता ही टेकाडं उरलीत. सह्यवेडा ज्यांना टेकाड म्हणून नाक मुरडताहेत ती जुन्या पर्वतांची बुडखी आहेत.
तळी इतकी का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो (पार्कात दोन हजारांवर तळी आहेत). शेवटचं हिमयुग सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी तिथून ओसरलं. बर्फाच्या थराने माती खरवडून नेली, खडकात खळगे पाडले, आणि जाताना गाळ आणि दगडगोटे वाट्टेल तिथे टाकून गेला. पाणी जिरायला माती पुरेशी नाही, वाहून जायला नीट उतार नाही. मग साठतं.
आणि हा भाग आजूबाजूपेक्षा उंच. म्हणून मस्कोका, मॅडवास्का, पेटावावा, बॉनशेर, अमाब्ल द्यू फॉ अशा पाच नद्यांचे उगम याच पठारावर. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात पाच नद्या निघतात म्हणतो ना, तसंच, फक्त देऊळ नाही आणि मक्याची कणसं नाहीत. १८९३ साली पार्क झालं त्यामागे हे उगम राखणं हे एक मोठं कारण होतं.

फक्त_वाचक
वाखुसा (वाचनखूण साठवली).

पाणकोंबडी
मला एक कळत नाही. तळ्यांच्या पार्कात जायचं आणि चालायचं कशाला? हायवे ६० चे सगळे ट्रेल एकत्र केले तरी ते पार्कच्या एका कडेला आहेत. खरं अल्गोंक्विन दोन हजार किलोमीटरच्या कनूच्या (वल्ह्याने चालवायच्या हलक्या, निमुळत्या होडीच्या) वाटांवर आहे. एका तळ्यातून वल्हवत जायचं, काठावर पिवळी पाटी दिसली की उतरायचं, कनू डोक्यावर घ्यायची, जंगलातून पायवाटेने पुढच्या तळ्यापर्यंत न्यायची. याला पोर्टाज म्हणतात. चालणंही होतं, पाणीही होतं. रात्री लून पक्ष्याची हाक ऐकली की अंगावर काटा येतो. (तोच लून जो इथल्या एक डॉलरच्या नाण्यावर आहे.)
गाडी लावून, दोन किमी चालून, कड्यावर फोटो काढून परत जाणारे म्हणतात 'अल्गोंक्विन बघितलं'.

कल्याणची_सून
@पाणकोंबडी, ७१ वर्षांच्या बाबांच्या डोक्यावर कनू ठेवायची का?
मृणाल, मी सांगते तुला. सासू-सासरे आले होते तेव्हा आम्ही गेलो होतो. कामाची गोष्ट: बहुतेक ट्रेलच्या सुरुवातीला स्वच्छतागृह असतं, पण ते खड्ड्याचं. नळ नाही, फ्लश नाही. सॅनिटायझर, कागद जवळ ठेव. नीट बाथरूम, गरम सूप, बसायला खुर्ची हे सगळं व्हिजिटर सेंटरला. तिथल्या मागच्या गच्चीवरून संडे क्रीकची दरी आणि दलदल दिसते, ते दृश्य कुठल्याही लुकआउटपेक्षा कमी नाही आणि त्यासाठी एकही पायरी चढावी लागत नाही. सासूबाई तिथे तासभर बसल्या.

पाणकोंबडी
मी बाबांना पोर्टाज करा म्हटलं नाही हो. कनू लेकला किंवा ओपिओंगोला तासाभरासाठी कनू भाड्याने मिळते. लाइफ जॅकेट घालून सकाळी वारा नसताना काठाकाठाने फिरवून आणा. ओपिओंगो पार्कातलं सगळ्यात मोठं तळं आहे, तिथे दुपारी वारा सुटला की चांगल्या लाटा येतात, म्हणून सकाळीच. बास, एवढंच म्हणणं.

बंड्या_ओटावा
कनू लेकचा विषय निघालाच आहे तर सांगतो. टॉम थॉमसन हा चित्रकार १९१७ च्या जुलैमध्ये याच तळ्यात कनू घेऊन निघाला, आणि आठवडाभराने त्याचं प्रेत सापडलं. बुडून अपघाती मृत्यू अशी नोंद झाली. पण इतका सराईत वल्हवणारा शांत पाण्यात बुडेल कसा, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. खून, भांडण, प्रेमप्रकरण, काय म्हणाल ते. पुढे १९२० मध्ये 'ग्रुप ऑफ सेव्हन' नावाने जे चित्रकार एकत्र आले, त्यातल्या अनेकांना या जंगलाची गोडी त्यानेच लावली. कॅनडाचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं, वाऱ्याने वाकलेलं पाइन आणि मागे तळं, ते बऱ्याच अंशी या लोकांनी काढलेलं आहे.
आईंना चित्रांची आवड असेल तर २० व्या किलोमीटरला आर्ट सेंटर आहे.

झेपेल_तेवढं
अस्वलाबद्दल कोणीच बोललं नाही. असतात ना?

मेपलपान
असतात. काळी अस्वलं, पार्कभर मिळून सुमारे दोन हजार असावीत असा अंदाज आहे. हायवेच्या ट्रेलवर, माणसांची वर्दळ असताना, दिसण्याची शक्यता कमीच. खाणं गाडीच्या डिकीत ठेवा, उष्टं टाकू नका, चालताना गप्पा मारा. समोर आलंच तर पळू नका, झाडावर चढू नका, मोठ्याने बोलत सावकाश मागे सरका.

तिरकस
शाळेतल्या गोष्टीत तर जमिनीवर मेल्यासारखा पडणारा वाचतो आणि झाडावर चढणारा मित्र नालायक ठरतो.

मेपलपान
ती गोष्ट विसरा. काळ्या अस्वलापुढे मेल्याचं सोंग घेऊ नये असंच सगळे रेंजर सांगतात. झाडावर ते तुमच्यापेक्षा भरभर चढतं. हल्ला केलाच तर जे हाताला लागेल त्याने प्रतिकार करायचा. १९९१ मध्ये ओपिओंगोच्या एका बेटावर अस्वलाने दोघांना मारलं होतं, पण अशा घटना अतिशय विरळा. त्या रस्त्यावर मला भीती वाटते ती मूसची, म्हणजे हरणाच्या कुळातल्या धिप्पाड प्राण्याची. संध्याकाळी गाडीसमोर आला तर अंगाचा रंग काळपट, पाय उंच. हेडलाइटचा उजेड पायांवरच पडतो आणि धड दिसतच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्यांचा माजाचा काळ, नर बिथरलेले असतात. फोटोसाठी गाडीतून उतरून जवळ जाणारे महाभाग बघितलेत.
अंधार पडायच्या आत पार्कातून बाहेर पडा, एवढं केलंत तरी पुष्कळ.

झेपेल_तेवढं
आणि ते चावणारे काळे किडे? मैत्रीण मे महिन्यात गेली होती, कानामागे रक्ताचे ओघळ घेऊन आली.

कल्याणची_सून
ब्लॅकफ्लाय. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत त्यांचं राज्य. मग डास, मग डिअरफ्लाय. सप्टेंबरअखेर यातलं काही नसतं. म्हणून तर मृणालने निवडलेला आठवडा बरोबर आहे. टिक्स (गोचिडी) मात्र थंडी पडेपर्यंत असू शकतात, पायजमा मोज्यात खोचायचा आणि रात्री अंघोळीच्या वेळी बघायचं.

सह्यवेडा
एक प्रांजळ मत. आठवडा बरोबर असला तरी गर्दी भयंकर असते. शुगर मेपल लाल-केशरी होतात सप्टेंबरच्या शेवटी, तेव्हा लुकआउट ट्रेलच्या पार्किंगमध्ये जत्रा भरते. त्यापेक्षा ऑक्टोबरच्या मध्यावर जा. मेपलची पानं गळून गेलेली असतात, पण दलदलीतले टॅमरॅक पिवळेधमक होतात. सूचिपर्णी असून पानं गाळणारं झाड आहे ते. माणसं कमी, हवा कोरडी, शांतता.

मेपलपान
टॅमरॅकला अनुमोदन. पण आई-बाबा आयुष्यात एकदा येणार, त्यांना लाल मेपल दाखवायचा नाही आणि दलदलीतलं पिवळं झाड दाखवायचं, हे मला पटत नाही. सोमवार ते गुरुवार जायचं, सकाळी नऊच्या आत ट्रेलवर पोचायचं. गर्दीचा प्रश्न संपला.

आडवाट
'अस्पर्श निसर्ग' वगैरे अजून कोणी म्हटलं नाही म्हणून बरं वाटलं, नाहीतर प्रत्येक प्रवासवर्णनात तेच. हे जंगल अजिबात अस्पर्श नाही. एकोणिसाव्या शतकात इथले प्रचंड व्हाइट पाइन तोडून ओंडके नद्यांतून वाहून नेले. जे. आर. बूथ या लाकूडसम्राटाने पार्कातून रेल्वे घातली, १८९६ पासून ती धावली. ट्रॅक अँड टॉवर ट्रेलमधला 'ट्रॅक' म्हणजे तीच रेल्वे. रूळ गेले, भराव राहिले, आपण त्यावरून चालतो. मिझी लेकचा एक भागही जुन्या रेल्वेमार्गावर आहे. १८९३ मध्ये पार्क झालं तेव्हा लाकूडवाल्यांचा विरोध नव्हता, उलट पाठिंबाच होता, कारण शेतकरी येऊन जंगल साफ करणार नाहीत याची हमी मिळत होती. आजही पार्कच्या मोठ्या भागात लाकूडतोड चालते. ओंटारियोच्या प्रांतिक उद्यानांत व्यापारी लाकूडतोडीला परवानगी असलेलं हे एकच.
आणि नाव ज्यांचं घेतलंय त्या अल्गोंक्विन लोकांचा या जमिनीवरचा दावा अजून पूर्ण निकाली निघालेला नाही. २०१६ मध्ये तत्त्वतः करारावर सह्या झाल्या, अंतिम करार व्हायचाय.
मृणालताई, तुमच्या मुलाला हे सांगा. फोनमधून मान वर येईल कदाचित. लॉगिंग म्युझियमचा ट्रेल जेमतेम सव्वा किमी, सपाट. लाकूडतोड्यांची झोपडी आहे, आणि 'अ‍ॅलिगेटर' नावाची वाफेवर चालणारी बोट आहे, जी स्वतःलाच दोराने ओढत जमिनीवरून पुढच्या तळ्यात जायची. पोरं तिथे रमतात.

पाणकोंबडी
म्हणजे बोटसुद्धा पोर्टाज करायची!

दगडधोंडे
आडवाट यांच्या प्रतिसादाला +१. बॅट लेक ट्रेलचंही सांगतो. साडेपाच किमीच्या आसपास, मध्यम. तळं नैसर्गिकरीत्याच आम्लधर्मी आहे, त्यामुळे त्यात मासे नाहीत. मासे नाहीत म्हणून सॅलमँडरची (पालीसारखा दिसणारा, बेडकासारखा उभयचर प्राणी) पिल्लं सुखाने वाढतात. पार्कातल्या दलदलीत कलशपर्णी वाढते, सुरईसारख्या पानात किडे बुडवून खाणारी. २०१९ मध्ये ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्गोंक्विनमधल्या कलशपर्णींत सॅलमँडरची पिल्लं पचताना दाखवली. वनस्पती पाठीचा कणा असलेला प्राणी खाते! नववीतल्या मुलाला हे रेल्वेपेक्षा आवडेल.

झेपेल_तेवढं
रात्री झोप लागणार नाही आता.

नाना_नाशिककर
मी इथे सहसा लिहीत नाही, वाचतो. पण या धाग्यावर ज्यांच्याबद्दल चर्चा चालू आहे त्या पक्षातला मी आहे. वय ७३. मुलगा किचनेरला असतो. मागच्या वर्षी तो आम्हा दोघांना अल्गोंक्विनला घेऊन गेला होता.
मृणाल, तुझा प्रश्न किलोमीटरचा नाही. पोरं लांबी बघून सोपा ट्रेल ठरवतात. लुकआउट ट्रेल दोन किमी आहे म्हणे, म्हणून म्हाताऱ्यांना तिथे नेतात. तो चढतो खडा, आणि वर कड्याला कठडा नाही. त्यापेक्षा पाच-सहा किमीचा बिनचढाचा रस्ता आम्हाला परवडतो. चढताना दम लागतो, तो बसलं की जातो. गुडघा दुखतो उतरताना, आणि त्यावर बसून उपाय नाही.
दुसरं, मुळं. या जंगलात माती पातळ असल्यामुळे झाडांची मुळं वाटेवर आडवी पसरलेली असतात. दगडधोंडे यांनी कारण वर लिहिलंच आहे. पावसानंतर ती साबण लावल्यासारखी निसरडी होतात. त्यावर ओली पानं पडली की मूळ दिसतही नाही. ओल्या बोर्डवॉकचं (लाकडी फळ्यांच्या वाटेचं) तेच. काठी न्यावी, एक नाही, दोन. आणि नवीन बूट त्या दिवशी घालू नयेत.
तिसरं, टोरांटोच्या बाजूने येताना तीन-साडेतीन तास गाडीत बसून आमची कंबर आधीच धरलेली असते. उतरल्या उतरल्या ट्रेलला जुंपू नका. चहा प्यायला द्या. हंट्सव्हिलला मुक्काम करताय हे फार चांगलं केलंत.
आणि शेवटचं. 'तुम्ही बसा इथे निवांत, आम्ही वर जाऊन येतो' हे वाक्य वर्ज्य करा. आम्हाला विचारा. माझ्या मुलाने न विचारता आमच्यासाठी सगळ्यात सपाट ट्रेल निवडला होता. मला सपाट नको होता. हिला होता.

कल्याणची_सून
नाना, साष्टांग नमस्कार. सासूबाईंना वाचून दाखवला तुमचा प्रतिसाद. त्या म्हणाल्या, "मला त्या गच्चीत तासभर बसवलं होतंत तेव्हा मला विचारलं होतंत का?" आता घरात वेगळाच धागा सुरू झालाय.

तिरकस
नानांनी एका प्रतिसादात आमचे वीस रद्द केले.

सह्यवेडा
उतरण्याच्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. गडावरसुद्धा माणसं उतरतानाच पडतात. नाना, तुम्ही नाशिकचे म्हणजे ब्रह्मगिरी, अंजनेरी…

नाना_नाशिककर
अंजनेरी बऱ्याचदा. हल्ली नाही. पण कोणी विचारलं तर नाही म्हणत नाही.

मिसिसागाची_मृणाल
सगळ्यांचे मनापासून आभार. नाना, तुमचा प्रतिसाद वाचून काल जेवताना सरळ विचारलं.
बाबा: "सपाट नको. कड्यावरून बघायचंय, पण गर्दी नको."
आई: "मला तळ्याच्या काठाने चालायचंय. पाण्यात पाय घालायचेत. वर-बिर कोणी नेऊ नका." (गुडघे दुखतात हे अजूनही कबूल नाही.)
चिरंजीव: "लांडगे ओरडतात ते ऐकायला मिळेल का?" म्हणजे त्याने कुठेतरी वाचलंय!
आता या तिघांना एका दिवसात कसं बसवू?

बंड्या_ओटावा
लांडग्यांचं आधी सांगतो. ऑगस्टमधल्या गुरुवारी रात्री पार्कवाले लोकांना घेऊन जातात, निसर्गतज्ज्ञ लांडग्यासारखी आरोळी ठोकतात आणि खरे लांडगे उत्तर देतात. १९६३ पासून चाललंय हे. पण आदल्या रात्री कळपाचा ठावठिकाणा लागला तरच कार्यक्रम होतो. सप्टेंबरअखेर तो हुकलाच म्हणा. तुमच्या मुलाला पुढच्या ऑगस्टचं आमिष दाखवा.
त्याऐवजी स्प्रूस बॉगला कॅनडा जे शोधायला सांगा. राखाडी, गुबगुबीत, अजिबात न घाबरणारा पक्षी. अनेकांच्या पायात संशोधकांनी घातलेली रंगीत कडी दिसतात, १९६० च्या दशकापासून अभ्यास चाललाय. हा पक्षी हिवाळ्यासाठी खाणं झाडाच्या सालीत लपवून ठेवतो. शरद ऋतू उबदार होत चालले तसं ते साठवलेलं खाणं नासतं, आणि पार्कात त्यांची संख्या कमी होत चाललीय.

मेपलपान
मृणाल, सगळ्यांनी मिळून एकच ट्रेल करायचा हा हट्ट सोड.
सकाळी सगळ्यांनी पेक लेक, १९ व्या किमीला. तळ्याला पूर्ण वळसा घालणारी दोनेक किमीची वाट. पाणी बहुतेक वेळ शेजारीच. मुळं आहेत, नानांच्या काठ्या न्या. आईचं काम झालं.
मग दोन तुकड्या. बाबा आणि नातू ट्रॅक अँड टॉवरला, साडेसात किमीच्या आसपास, वर कॅश लेक दिसतं. पूर्वी तिथे आगीवर नजर ठेवायचा मनोरा होता. चढ आहे, पण लुकआउट ट्रेलसारखी झुंबड नसते. तू आणि आई व्हिजिटर सेंटर, मग स्प्रूस बॉग. दीड किमी, जवळजवळ सपाट, बराचसा बोर्डवॉक.
फोनच्या भरवशावर राहू नका. पार्कात बऱ्याच ठिकाणी नेटवर्क नसतं. 'अमुक वाजता अमुक पार्किंगमध्ये' असं आधी ठरवायचं. बाबांच्या हातात कागदी नकाशा द्या, ट्रेलच्या सुरुवातीला माहितीपुस्तिकाही असतात.

नाना_नाशिककर
मेपलपान यांची योजना चांगली. फक्त आजोबा-नातू जोडीत पाणी आणि खाऊ आजोबांच्या पाठीवर देऊ नका. नातवाच्या पाठीवर द्या. आणि फोन गाडीत.

मिसिसागाची_मृणाल
@नाना, फोन गाडीत म्हटल्यावर घरात भूकंप झाला. तडजोड अशी निघाली की फोन त्याच्या बॅगेत, आजोबांनी फोटो काढ म्हटलं की बाहेर.
गाडी एकच आहे, पण ट्रॅक अँड टॉवरपासून व्हिजिटर सेंटर फक्त अठरा किमी, म्हणजे सोडायचं आणि आणायचं जमेल. आता खाण्याचं बघते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, थर्मासमध्ये चहा.

झेपेल_तेवढं
डब्यातले गुलाबजाम न्यायचे होते तर म्हणे पार्कात टिनच्या डब्यांना बंदी आहे?

पाणकोंबडी
बंदी आतल्या भागात, म्हणजे कनूने किंवा पाठीवर बिऱ्हाड घेऊन मुक्कामाला जाणाऱ्यांना. टिन, बाटल्या न्यायच्या नाहीत. हायवेच्या कडेच्या पिकनिकला नाही. गुलाबजाम खुशाल न्या, डबा परत आणा.

तिरकस
आणि चिवडा उघडताना चिपमंककडे (तिथल्या पट्टेरी खारीकडे) बघू नका. नजरानजर झाली की वाटा मागतो.

कल्याणची_सून
पण खरंच देऊ नका त्याला. शेव खाऊन त्याची सवय बिघडते आणि मग तो पुढच्या माणसाच्या बॅगेत शिरतो. शिवाय कॅनेडियन थँक्सगिव्हिंगचा शनिवार-रविवार टाळा म्हणायचं राहिलं, तेव्हाही तोबा गर्दी. तुमची तारीख आधीची आहे, मधल्या वारी आहे ना?

मिसिसागाची_मृणाल
हो, सोमवारी पोचतोय, मंगळवारी दिवसभर पार्क. बुधवारी सकाळी जमलं तर लॉगिंग म्युझियम, नाहीतर पाणकोंबडींच्या सांगण्याप्रमाणे कनू लेकला तासभर. बाबांनी 'वल्हं मी मारणार' म्हणून आताच जाहीर केलंय.

पाणकोंबडी
शेवटी कोणीतरी ऐकलं माझं. बाबांना मागे बसवा, दिशा मागचा माणूस सांभाळतो. आईंना मधे, तळाशी गादी घालून. उतरताना सगळ्यांनी एकदम उभं राहायचं नाही.

फक्त_वाचक
अवांतर: हिवाळ्यात कोणी गेलंय का? मीव लेकला यर्ट (गोल, पक्के तंबू) भाड्याने मिळतात म्हणे, आत हीटर असतो. लहान मुलाला घेऊन झेपेल?

मेपलपान
झेपेल, पण वेगळा धागा काढा. यावर लिहायला बसलो तर नाना पुन्हा येऊन रद्द करतील.

नाना_नाशिककर
हिवाळ्याचं मला माहीत नाही. मी नोव्हेंबरात नाशिकला परत जातो.